गुलमर्गचा पहिला बर्फ: दोरीपलीकडे स्की करायला निघण्याआधी

डिसेंबर लागला की गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या माथ्याचे पांढरे फोटो फोनवर फिरायला लागतात आणि गुलमर्गला किंवा औलीला स्कीइंगचा बेसिक कोर्स केलेल्यांचे पाय शिवशिवू लागतात. पिस्टवर, म्हणजे आखून दिलेल्या स्की-वाटेवर, वळणं जमतायत, आता हद्दीच्या दोरीपलीकडच्या कोऱ्या उतारावर जायचंय, अशा नवख्यांसाठी हा लेख आहे. स्की कशी करायची ते इथे सापडणार नाही. मोसमाच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत कुठे जायचं आणि कुठून मुकाट्याने परत फिरायचं, एवढंच पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘गुडघाभरसुद्धा बर्फ नाही, त्यात हिमस्खलन कसलं होतंय?’ असं सुरुवातीच्या दिवसांत सर्रास बोललं जातं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगचं प्रशिक्षण पथक द्रौपदी का डांडा-२ या शिखराजवळ हिमस्खलनात सापडलं आणि २९ जण गेले. ७ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेत माँटानातल्या इम्प पीकवर दोन स्कीअर चढत असताना जेमतेम ३० ते ६० सेंटिमीटर जाडीची लादी सुटली. त्यातली एक जण गाडली गेली आणि वाचली नाही. दोन्ही वेळा कॅलेंडरवर हिवाळा लागायचा होता.

सुरुवातीचा मोसम फसवा असतो त्याचं कारण साधं आहे. स्की करण्याइतका बर्फ तेव्हा फक्त उंचावर, सावलीच्या बाजूला आणि वाऱ्याने भरलेल्या घळींमध्ये असतो. बाकी डोंगर तपकिरी, म्हणून सगळे तिकडेच वळतात. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जुना बर्फ नेमका तिथेच टिकून, कुजून, नव्या बर्फाच्या खाली बसलेला असतो.

बर्फ कुजतो म्हणजे काय

हा भाग जरा सावकाश वाचा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

बर्फाखालच्या जमिनीचं तापमान हिवाळ्यातही शून्य अंशाच्या आसपास राहतं. समजा, ४० सेंटिमीटर बर्फ आहे आणि निरभ्र रात्री त्याचा पृष्ठभाग उणे १२ अंशांपर्यंत उतरला. म्हणजे तळापासून वरपर्यंत दर १० सेंटिमीटरला ३ अंशांचा फरक पडला. हा फरक दर १० सेंटिमीटरला साधारण १ अंशाच्या वर गेला की बर्फातली वाफ खालून वर जोरात सरकू लागते. या प्रवासात कणांचे एकमेकांना धरून ठेवणारे सांधे झिजतात आणि कण कोनदार, सुटे होत जातात. हे फॅसेट. तळाशी ते वाढून मोठे, पोकळ स्फटिक होतात, त्यांना डेप्थ होर म्हणतात. असा बर्फ मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, जाड्या साखरेसारखा बोटांतून ओघळून जातो.

आता तीच उणे १२ ची रात्र २ मीटर बर्फावर घ्या. दर १० सेंटिमीटरला फरक उरतो ०.६ अंश. एवढ्या फरकात कण उलट गोलसर होतात आणि एकमेकांना चिकटतात. म्हणजे पातळ थर स्वतःहून कमकुवत होत जातो आणि जाड थर स्वतःहून सावरत जातो. ‘बर्फ कमी, धोका कमी’ हे गणित इथेच चुकतं.

नुसत्या साखरेने हिमस्खलन होत नाही. तिच्यावर एकसंध थर, म्हणजे स्लॅब, बसावा लागतो. काश्मीरमध्ये तो वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमी झंझावात, आणून देतो. नोव्हेंबरात थोडा बर्फ, मग कोरडे, कडाक्याच्या थंडीचे आठवडे आणि मग दोन दिवसांत बदाबदा मोठा हिमपात, हा क्रम ओळखायला शिका. २१ डिसेंबरला चाळीस दिवसांचं चिल्लई कलान सुरू होतं. काश्मिरी लोक या काळाला उगाच वचकून नसतात. स्कीअरच्या दृष्टीने त्यातला कोरडा, चकचकीत उन्हाचा आठवडाही निरुपद्रवी नसतो, त्या रात्रींत खालचा बर्फ कुजत असतो.

जानेवारी २०२४ आठवून पाहा. गुलमर्गच्या कुरणावर गवत दिसत होतं आणि पर्यटक हिरमुसून परतत होते. फेब्रुवारीत बर्फ आला आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्ग भागातल्या हिमस्खलनात एक रशियन स्कीअर दगावला. त्याआधीच्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, अफरवटच्या हापतखुड भागात पोलंडचे दोन स्कीअर गेले. दोन्ही घटना ताज्या हिमपाताच्या पाठोपाठ घडल्या.

पहिली पायरी: वही घरूनच सुरू करा

तिकीट काढायच्या आधी, ऑक्टोबरपासूनच, एका वहीत तीन गोष्टी लिहायला लागा: बर्फ कधी पडला, किती पडला आणि मधले कोरडे दिवस किती. गुलमर्गचं रोजचं कमाल-किमान तापमान हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राकडून मिळतं. दोन महिन्यांची ही नोंद समोर असली की तळाशी काय असेल याचा निम्मा अंदाज पुण्यात बसून येतो.

दुसरी युक्ती फारसं कुणी करत नाही, पण मला ती सर्वांत मोलाची वाटते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमा फुकट पाहता येतात. साधारण दर पाच दिवसांनी नवी प्रतिमा येते आणि बारकावा १० मीटरचा असतो. नोव्हेंबरअखेरचा किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला एखादा निरभ्र दिवस शोधा आणि अफरवटचे कुठले उतार पांढरे आहेत ते नकाशावर खुणा करून ठेवा. मोठा हिमपात झाला की सगळा डोंगर सारखाच पांढरा दिसतो. जुना बर्फ कुठे होता ते मग तुमच्या नकाशालाच ठाऊक असतं. जिथे जमीन उघडी होती तिथे नवा बर्फ थेट गवतावर बसलाय. जिथे आधीच पांढरं होतं तिथे साखर असेल असं धरून चाला.

दुसरी पायरी: बुलेटिन वाचा, पण त्याची हद्द ओळखा

आपल्याकडे हिमस्खलनाचा अंदाज डीआरडीओची चंडीगडची संस्था, डीजीआरई, देते. पूर्वी हेच काम सासे ही संस्था करत असे. जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण त्यावरून जिल्हावार इशारे काढतं. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. इशाऱ्यात जिल्हा, धोक्याची पातळी आणि अमुक मीटर उंचीच्या वर, एवढं असतं. रस्ते, वस्त्या आणि लष्करी चौक्या यांच्यासाठी ते उपयोगी आहे. तुमच्या समोरच्या ईशान्येकडच्या घळीत काय आहे, हे ते सांगत नाही. तेव्हा इशारा आला तर जायचं नाही, हे पक्कं. इशारा नाही म्हणून जायचं, हे मात्र चालणार नाही.

जगभर धोक्याच्या पाच पातळ्या वापरतात. त्यातली तिसरी फसवी आहे. चौथी-पाचवी असताना बहुतेक जण खोलीत बसतात. तिसरीला आकाश निळं असतं, बर्फ मऊ असतो, सगळे बाहेर असतात आणि सर्वाधिक बळी बहुधा याच पातळीवर जातात.

रोज सकाळी गंडोलापाशी, म्हणजे केबल कारपाशी, स्की पॅट्रोलला (उतारांची सुरक्षा पाहणाऱ्या पथकाला) विचारा. दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तो चालू आहे याचा अर्थ गंडोलाखालचा भाग पॅट्रोलने तपासला आहे. दोरीपलीकडे कुणीही काहीही तपासलेलं नसतं, आणि त्या दोरीपर्यंत पोचायला वरून पाच-दहा मिनिटंच लागतात. हे इतकं सोपं असणं हाच गुलमर्गचा मोठा धोका आहे. इतरत्र बॅककंट्रीत, म्हणजे हद्दीबाहेरच्या डोंगरात, पोचायला तीन तास चढावं लागतं आणि त्या तीन तासांत बर्फ खूप काही सांगतो. इथे तुम्ही थेट माथ्यावर उतरता, काहीही न ऐकता.

डेन्व्हर-बोल्डरकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सगळं ओळखीचं वाटेल. कोलोरॅडोचा बर्फही पातळ, थंड आणि साखरेच्या वळणाचा. फरक एवढाच की तिथे सीएआयसीचं (कोलोरॅडोच्या हिमस्खलन माहिती केंद्राचं) रोजचं तपशीलवार बुलेटिन हाताशी असतं आणि त्यात उताराची दिशा, उंची, कमकुवत थर हे सगळं लिहिलेलं असतं. इथे ते काम तुमच्या अंगावर येतं.

तिसरी पायरी: कोन मोजा

स्लॅब हिमस्खलनं बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. स्कीअरला मजाही नेमकी तिथेच येते. सह्याद्रीत फिरलेल्यांची इथे एक अडचण होते. कडे आणि धारा तुडवलेल्या नजरेला ३५ अंशांचा मऊ पांढरा उतार अगदी सौम्य वाटतो, कारण पडलो तर कुठे जाऊ याच हिशेबाने आपण उतार जोखत आलोय. म्हणून डोळ्यावर विसंबू नका. फोनमधला कोनमापक स्कीच्या काठीवर ठेवून, काठी उताराच्या दिशेने, वरून खाली, बर्फावर टेकवून मोजा. नकाशावर मोजायचं तर दोन समोच्च रेषांमध्ये ४० मीटर उंची असेल आणि त्यांच्यातलं आडवं अंतर ७० मीटरपेक्षा कमी भरलं, तर तो उतार ३० अंशांपलीकडचा.

तुम्ही उभे आहात त्या जागेचा कोन पुरेसा नाही. डोक्यावर काय आहे तेही पाहा. खिलनमर्ग हे त्याचं ठळक उदाहरण: कुरण सौम्य, पण वरून अफरवटचे तीव्र उतार थेट त्याच्यावर रिकामे होतात. ८ फेब्रुवारी २०१० रोजी इथेच प्रशिक्षण घेत असलेले लष्कराचे १७ जवान हिमस्खलनात गेले.

मग वारा. हिवाळ्यात तो मुख्यतः पश्चिमेकडून येतो आणि धारेवरचा बर्फ उडवून पलीकडच्या, गुलमर्गच्या बाजूच्या उतारांवर टाकतो. आकाशातून २० सेंटिमीटर पडला असला तरी धारेखालच्या घळीत वाऱ्याने त्याच्या कितीतरी पट रचलेला असू शकतो. गुळगुळीत, फुगीर, पायाखाली ढोलासारखा पोकळ वाजणारा बर्फ दिसला की बाजूला व्हा.

सुरुवातीच्या मोसमाची आणखी एक खोड म्हणजे दगड. खडक, झुडपं, नाले अजून बुजलेले नसतात. त्यामुळे एरवी उभ्या उभ्या झटकून टाकावं असं लहानसं स्खलनही खडकांवरून फरफटत नेतं. अरुंद नाल्यात थोडासा बर्फसुद्धा खोल साचतो. हेल्मेट घालाच. आणि अर्धवट बुडालेल्या खडकांच्या आसपास वळू नका: तिथे स्लॅब सर्वांत पातळ असतो, तुमचं वजन थेट साखरेपर्यंत पोचतं आणि तडा तिथून सुरू होऊन वरच्या जाड भागापर्यंत धावतो.

चौथी पायरी: सामान

बीकन (गाडलेल्याचा ठाव लावायला संकेत पाठवणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं. तिन्ही प्रत्येकाकडे. एकाकडेच फावडं असलं आणि तोच गाडला गेला तर पुढे काय, याचा विचार करा. बीकन डिजिटल, तीन अँटेनांचा असावा. भाड्याने घेत असाल तर दुकानातच चालू करून पाठवणं आणि शोधणं दोन्ही तपासा, आणि अल्कलाईन बॅटरी नवी घाला. खोलीतून निघतानाच तो चालू करून जॅकेटच्या आत, अंगाला बांधायचा. इम्प पीकच्या त्या अपघातात बीकन होता, पण बंद, बॅगेत. फोन आणि बीकन यांत पाठवताना २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर अंतर ठेवा. फोन विमान मोडवर टाकलेला बरा. फावडं धातूचंच घ्या.

एअरबॅग (हिमस्खलनात फुगवायची पाठपिशवी) असेल तर तिच्या गॅसच्या नळकांड्याबद्दल विमान कंपनीची परवानगी आधी काढा, विमानतळावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. इतर राज्यांतली प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाहीत. पोस्टपेड लागतं. परदेशातून येणाऱ्यांनी उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं आणू नयेत. भारतात ती विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे आणि लोकांना विमानतळावर अडवलं गेलंय.

पाचवी पायरी: बर्फावर उतरल्यावर

पाच खुणा अशा आहेत की दिसताक्षणी योजना बदलायची. आसपास ताजं स्खलन. स्कीच्या टोकापासून पुढे धावणारे तडे. पायाखालून येणारा ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज, तळातला थर कोसळल्याचा. गेल्या एक-दोन दिवसांतला जोरदार बर्फ किंवा वारा. एकाएकी चढलेलं तापमान. यातला आवाज नवखे लोक हसण्यावारी नेतात. तो ऐकू आला याचा अर्थ स्लॅब आणि कमकुवत थर दोन्ही हजर आहेत, फक्त तुम्ही उभे होतात तिथे उतार पुरेसा नव्हता.

आता खणा. सुरुवातीच्या मोसमाची हीच एक चांगली बाजू आहे: अख्खा थर फावड्याच्या आवाक्यात असतो. मार्चमध्ये जमिनीपर्यंत पोचायला तासभर घाम गाळावा लागेल, डिसेंबरात दहा मिनिटं पुरतात. आधी काठी उलटी करून दांड्याने टोचत चला. आधी विरोध, मग एकदम पोकळी आणि लगेच जमीन, असं जाणवलं तर तळाशी साखर आहे. मग जिथे जायचंय त्याच दिशेच्या, पण ३० अंशांखालच्या, सुरक्षित उतारावर खड्डा खणा. उतारावर आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने ३० सेंटिमीटर असा बर्फाचा ठोकळा चारी बाजूंनी मोकळा करा. एका टोकाला फावडं टेकवून मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० थापा मारा. तडा ठोकळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात धावला, तर उत्तर मिळालं: तीव्र उतार बंद.

उत्तर चांगलं आलं तर? तर काहीही सिद्ध झालेलं नाही. दहा पावलांवर बर्फाची जाडी वेगळी असू शकते. खड्डा ‘नको’ म्हणाला तर तो प्रमाण माना. ‘हो’ म्हणाला तर बुलेटिन, वही आणि त्या पाच खुणा यांच्याशी ताडून पाहा.

संशयाच्या उतारावर एका वेळी एकच जण. बाकीचे बाजूला, सुरक्षित जागी, नजर न हटवता. घोळक्याने घळीच्या तोंडाशी थांबून फोटो काढणं बंद. साखरेचा थर असेल तर हिमस्खलन दुरूनही सुटतं: तुम्ही खालच्या सपाटीवर चालत असता आणि वरचा उतार निसटतो. म्हणून ‘मी तर त्या उतारावर गेलोच नव्हतो’ ही सबब बर्फ ऐकून घेत नाही. प्राणघातक स्खलनांपैकी दहांतली सुमारे नऊ गाडल्या गेलेल्यानेच किंवा त्याच्या सोबत्यांपैकी कुणीतरी सुरू केलेली असतात.

कुणी गाडलं गेलं तर

गाडलेल्यांपैकी पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेले दहांतले नऊ जगतात. अर्ध्या तासानंतर जेमतेम तीन. खालून मदत येईपर्यंत अर्धा तास सहज उलटतो, म्हणजे वाचवणारे तुम्हीच.

शेवटचं कुठे दिसला ती जागा पक्की करा. उरलेला उतार सुटणार नाही ना, ते पाहा. सगळ्यांनी बीकन शोधण्यावर टाका. एकाने ११२ ला फोन लावावा, पण हात रिकामे असतील तरच. सिग्नल सर्वांत जवळ दाखवेल तिथे प्रोब काटकोनात खुपसा आणि लागली की तशीच राहू द्या. मग प्रोबपासून खालच्या बाजूला, खोलीच्या साधारण दीडपट अंतरावरून, आडवं खणत आत जा. वरून सरळ खड्डा खणला तर वेळ जातो आणि तुमचं वजन त्याच्या छातीवर पडतं. आधी तोंड आणि छाती मोकळी करा, लगेच श्वास तपासा.

हे वाचून येत नाही. पहिला दिवस कोंगडूरीच्या, म्हणजे गंडोलाचा पहिला टप्पा संपतो तिथल्या, सपाट भागात, बीकन पिशवीत घालून पुरा आणि घड्याळ लावून शोधा, पुन्हा पुन्हा. नंतर जमेल तेव्हा रीतसर हिमस्खलनाचा कोर्स करा, आणि सोबत स्थानिक गाईड घ्या. मात्र तो फक्त वाट दाखवणारा नको, बीकन बांधणारा आणि ‘आज नको’ म्हणणारा हवा. नाही म्हणाला म्हणून त्याचे पैसे कापू नका.

उतार वाढवायचा कधी

साध्या हिमपातानंतर दोन-तीन दिवस थांबलं की नवा बर्फ बऱ्यापैकी बसतो. पण खाली साखर असेल तर दिवस मोजून उपयोग नाही, ती आठवडेच्या आठवडे तशीच राहते आणि प्रत्येक नव्या हिमपाताने पुन्हा जागी होते. तोवर २० ते २५ अंशांचे, डोक्यावर काही तीव्र नसलेले उतार. वळणं तिथेही छान लागतात. मोकळा बर्फ गुडघाभर असेल तर त्याहून सपाट जागी नाहीतरी स्की अडकते.

थर दीड-दोन मीटरच्या पुढे गेला, तळाचे कण मुठीत दाबल्यावर चिकटायला लागले, वेगवेगळ्या जागी खणलेल्या खड्ड्यांत तडा पलीकडे जाईनासा झाला आणि मोठ्या हिमपातानंतरही आसपासचे तसलेच उतार सुटले नाहीत, हे सगळं एकत्र जुळलं की ३० अंशांच्या थोडं वर चढून पाहायला हरकत नाही. काही वर्षी हे चिल्लई कलान संपता संपता, जानेवारीच्या अखेरीस घडतं. काही वर्षी मार्चपर्यंत घडत नाही. परतीचं तिकीट काढताना हे ध्यानात ठेवून तारीख बदलता येईल असं काढा.